रायफल आधी, दुर्बीण सहा वर्षांनी: अचूक शस्त्राच्या सुट्या भागांचा हिशेब

ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एक करार केला. रक्कम ६५९ कोटी ४७ लाख रुपये. सैन्याच्या ७.६२ बाय ५१ मिलिमीटरच्या असॉल्ट रायफलींसाठी रात्रीच्या दुर्बिणी घ्यायच्या. देशी कंपन्यांकडून, निम्म्याहून जास्त माल देशातलाच. नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही पाचशे मीटरपर्यंतचं लक्ष्य टिपता येईल, असं मंत्रालयाने सांगितलं. ‘सिग ७१६’ रायफलीच्या लांब पल्ल्याचा पुरेपूर वापर आता जवानांना करता येईल, असंही त्याच निवेदनात होतं.

बातमी चांगलीच आहे. पण ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ‘सिग ७१६’चा पहिला करार झाला फेब्रुवारी २०१९ मध्ये. म्हणजे रायफल घेतली तेव्हापासून तिचा पल्ला रात्रीच्या वेळी पुरेपूर वापरता यावा म्हणून लागणाऱ्या दुर्बिणीच्या करारापर्यंत साडेसहा वर्षं गेली. मधल्या काळात जवानांकडे जुन्या पद्धतीच्या रात्रदुर्बिणी होत्या, अगदीच काही नव्हतं असं नाही. तरी रायफल पाचशे-सहाशे मीटरची आणि रात्रीची नजर त्याहून तोकडी, असा तो संसार होता.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात. इन्फंट्री स्कूलची ज्युनियर लीडर्स विंगही इथेच, जिथे देशभरातले तरुण अधिकारी आणि जवान कमांडो कोर्सला येतात. खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात घरटी नाही तरी गल्लीत एखादा तरी फौजी सापडतोच. आता अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जाणारी पोरंही आहेत. त्यांच्या हातात कोणती रायफल येणार, याची चर्चा चहाच्या टपरीवर होते. पण ती चर्चा बहुतेक वेळा नावावर थांबते: सिग चांगली की एके, देशी की विदेशी. खरा प्रश्न नावाचा नसून भागांचा आहे. रायफल म्हणजे सुट्या भागांची जुळणी. त्यातला कुठला भाग आधी निवडायचा आणि कशाला किती पैसे द्यायचे, यावर ती अचूक होते की नुसती महाग, हे ठरतं.

अचूक म्हणजे किती अचूक?

नेमबाजीत अचूकता मोजायचं एक साधं माप आहे, ‘मिनिट ऑफ अँगल’. एका अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर हा कोन साधारण २.९ सेंटीमीटर इतका पसरतो. सहाशे मीटरवर साडेसतरा सेंटीमीटर. आता समजा एका रायफलीच्या गोळ्या चार मिनिटांच्या वर्तुळात पडतात. सहाशे मीटरवर ते वर्तुळ सत्तर सेंटीमीटरचं झालं. माणसाचे खांदे पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे जवानाने नेम अगदी बरोबर धरला, श्वास रोखला, ट्रिगर हळुवार दाबला, तरी गोळी लागेलच याची हमी नाही. दोन मिनिटांची रायफल असेल तर तेच वर्तुळ पस्तीस सेंटीमीटरचं होतं. जवान तोच, नेम तोच, फरक शस्त्राचा.

हा पसारा कुठून येतो? थोडा बॅरलमधून, थोडा गोळीतून, थोडा दुर्बिणीच्या बैठकीतून, थोडा ट्रिगरमधून. या चुकांची साधी बेरीज होत नाही. मोठी चूक लहान चुकांना गिळून टाकते. उदाहरणादाखल समजा गोळीमुळे चार मिनिटांचा पसारा होतोय आणि बॅरलमुळे एक मिनिटाचा. दोन्ही मिळून साधारण ४.१ होतात. आता तुम्ही भरपूर पैसे मोजून बॅरल दुप्पट चांगलं केलंत, अर्ध्या मिनिटावर आणलंत. एकूण पसारा किती उतरला? ४.१ वरून ४.०. बास. त्याऐवजी बॅरल आहे तेच ठेवून गोळी चारवरून दीड मिनिटावर आणली, तर एकूण आकडा १.८ होतो. म्हणजे निम्म्याहून कमी.

ही शाळेतली आकडेमोड आहे, पण खरेदीचा अख्खा धडा यात आहे. सगळ्यात कच्चा भाग कोणता ते आधी शोधा. तो सोडून दुसरीकडे खर्च केलेला रुपया वाया जातो.

बोल्ट ओढायची की आपोआप भरणारी?

लांब पल्ल्याची म्हणून जी खास स्नायपर रायफल असते, ती बहुधा हाताने बोल्ट ओढायची. गोळी सुटताना तिच्यात एकही भाग हलत नाही, म्हणून ती जात्याच अचूक. २०२२ मध्ये नियंत्रण रेषेवर आलेली फिनलंडची ‘साको टीआरजी ४२’ ही त्या जातीची.

अर्ध-स्वयंचलित रायफलीचं काम वेगळं. एक ट्रिगर, एक गोळी, पण पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये. तुकडीबरोबर धावणारा, चालता चालता झोपून निशाणा घेणारा नेमबाज ही रायफल वापरतो. पहिली गोळी चुकली तर दुसरी सेकंदात मारता यावी, समोर दोघं असतील तर दोघांनाही अडवता यावं, हा हेतू. आपल्याकडे हे काम कित्येक वर्षं रशियन ‘ड्रॅगनोव्ह’ करते आहे. येवगेनी ड्रॅगनोव्ह यांनी ती तयार केली, सोव्हिएत सैन्याने १९६३ मध्ये स्वीकारली. दहा गोळ्यांचं मॅगझिन, चौपट मोठं दाखवणारी दुर्बीण, आठशे मीटरचा पल्ला.

गोळीमागचा वायू वळवून त्याच्या जोरावर बोल्ट मागे ढकलायचा, रिकामं काडतूस बाहेर फेकायचं, नवं आत घ्यायचं, हा सगळा कारभार ही रायफल क्षणात करते. त्यामुळे हलणारे भाग वाढतात आणि प्रत्येक हलणाऱ्या भागाबरोबर थोडी अचूकता जाते. म्हणून बोल्टच्या रायफलीत जे भाग बरे असले तरी चालून जातं, ते अर्ध-स्वयंचलित रायफलीत उत्तमच लागतात.

बॅरल: ड्रॅगनोव्हनेच शिकवलेला धडा

बॅरलच्या आत पेचदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळीला गिरकी मिळते आणि ती सरळ जाते. किती लांबीत एक पूर्ण फेर पडतो, हे गोळीच्या लांबी-वजनाशी जुळावं लागतं.

ड्रॅगनोव्हच्या पहिल्या रायफलींत हा फेर ३२० मिलिमीटरचा होता. तो नेमबाजाच्या खास गोळीला जुळणारा. पुढे सोव्हिएत सैन्याला वाटलं, याच रायफलीतून चिलखत भेदणारी, आग लावणारी लांब गोळीही मारता आली पाहिजे. म्हणून १९७० च्या दशकात फेर २४० मिलिमीटरचा केला. लांब गोळी स्थिर जाऊ लागली, पण खास नेमबाजी गोळीचा पसारा सुमारे १९ टक्क्यांनी वाढला. रायफलीचं नाव बदललं नाही, रूप बदललं नाही. एका आकड्यात फेरफार झाला आणि शस्त्राचा स्वभाव पालटला.

सोव्हिएत सेनापती चुकले असं म्हणता येणार नाही. त्यांनी अचूकता देऊन वेगवेगळ्या गोळ्या मारायची सोय घेतली आणि तो सौदा समजून-उमजून केला. आपल्याकडे घसरतं ते इथेच. सौदा होतो, पण कागदावर कुठे दिसत नाही.

बॅरलला आतून क्रोमचा मुलामा द्यायचा की नाही, हाही असाच सौदा. मुलामा दिला की गंज धरत नाही, बॅरल जास्त टिकतं. कोकणच्या, गोव्याच्या खाऱ्या हवेत नि ईशान्येच्या पावसात त्याची किंमत कळते. पण मुलामा सगळीकडे सारख्या जाडीचा बसला नाही तर अचूकता थोडी घटते. लांब बॅरलने गोळीचा वेग वाढतो, पण गाडीतून उतरताना, झाडीत शिरताना ते आडवं येतं. जाड बॅरल तापून वाकत नाही, पण दहा तास खांद्यावर वागवावं लागतं ते जवानाला. काय हवं ते सैन्याने सांगायचं. ‘सगळंच हवं’ हे उत्तर नाही.

गोळी: सगळ्यात स्वस्त भाग, सगळ्यात मोठा फरक

कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक घेऊन आला तेव्हा आपण सगळ्यांनी फटाके उडवले. त्या पातळीवरच्या नेमबाजांची एक रीत असते. ते दुकानातून गोळ्यांचा डबा उचलत नाहीत. एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट आपल्या बॅरलमधून मारून बघतात. जो लॉट सगळ्यात छोटं वर्तुळ देतो, तोच हजारोंनी घेऊन ठेवतात. कारण कारखाना तोच असला तरी एका दिवशीच्या बारूदीत आणि दुसऱ्या दिवशीच्या बारूदीत बारीक फरक पडतो, आणि बॅरलला तो कळतो.

सैन्य एवढे लाड करू शकत नाही, हे खरं. लाखो जवान, कोट्यवधी गोळ्या. पण तुकडीतला जो एक नेमबाज आहे, त्याला तरी मशिनगनच्या पट्ट्यातल्या गोळ्या देऊन चालत नाही. मशिनगनच्या गोळीचं काम वेगळं. तिने अडकू नये आणि ठरावीक पट्ट्यावर मारा करत राहावं, एवढं पुरे. नेमबाजाच्या गोळीत बारूद, शिशाचं वजन, टोकाचा आकार सगळं गोळीगणिक सारखं लागतं. दिसायला दोन्ही ७.६२ बाय ५१. एकाच चेंबरमध्ये बसतात. सहाशे मीटरवर मात्र दोघींचे स्वभाव वेगळे.

‘सिग ७१६’ आल्यावर हाच मुद्दा पुढे आला. देशी गोळ्या वापरताना अडचणी येत असल्याच्या बातम्या त्या काळात छापून आल्या. जवान स्वतःच्या सोयीने पुढची मूठ, टेकणीचे पाय, दुर्बीण बसवून घेत असल्याचंही वाचलं गेलं. बातम्यांतला तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. रायफल एका देशाची आणि गोळी दुसऱ्या कारखान्याची असेल, तर दोघींची एकत्र चाचणी खरेदीच्या आधी व्हायला हवी, नंतर नव्हे.

गोळीचं हे काम आपल्याकडे होऊ शकत नाही असं अजिबात नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव १९६० च्या दशकापासून लहान शस्त्रांच्या गोळ्या बनवतं. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यातली दारूगोळ्याची ‘म्युनिशन्स इंडिया’ पुण्यातच बसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कानपूरला अदानी समूहाचा खासगी कारखानाही सुरू झाला. हात आहेत, यंत्रं आहेत. नेमबाजाच्या गोळीची मागणी संख्येने थोडी असते, म्हणून ती कायम रांगेत मागे राहते.

दुर्बीण: नजर उधार, शस्त्र रोख

आता पहिल्या करारातल्या रकमा शेजारी मांडून बघा. ७२,४०० ‘सिग ७१६’ रायफलींचा २०१९ चा करार साडेसहाशे ते सातशे कोटींच्या घरातला. रात्रीच्या दुर्बिणींचा २०२५ चा करार ६५९ कोटींचा. म्हणजे दुर्बिणींवरचा खर्च पहिल्या खेपेच्या रायफलींच्या जवळपास पोचला. मधल्या काळात, ऑगस्ट २०२४ मध्ये, आणखी ७३,००० रायफलींची ऑर्डर ८३७ कोटींना गेली. म्हणजे एक रायफल साधारण एक लाख पंधरा हजार रुपयांना.

हा खर्च उधळपट्टी नाही. अचूक रायफलीत दुर्बीण अशीच महाग असते. चांगल्या नेमबाजाला विचाराल तर तो सांगेल, पैसे कमी असतील तर रायफल थोडी साधी घ्या, काच चांगली घ्या. दिसलंच नाही तर मारणार काय? काचेबरोबर तिची बैठकही तितकीच महत्त्वाची. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने ती केसभर सरकली तर नेम गेला.

आणखी एक गोष्ट आहे जी बेळगावच्या रेंजवर कळत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. द्रासची उंची तीन हजार मीटरच्या वर, सियाचीनची ठाणी त्याहून किती तरी उंच. तिथली हवा विरळ, गोळीला अडवणारं कमी, म्हणून लांबवर ती कमी खाली येते. उलट कडाक्याच्या थंडीत बारूद मंद जळते, वेग घटतो. इथे जुळवलेला ‘झिरो’ तिथे नेऊन पुन्हा जुळवावा लागतो. दुर्बिणीच्या चाकीला किती खटके दिले की किती सेंटीमीटर सरकतं, हे जवानाला पाठ हवं आणि चाकीनेही शंभर वेळा फिरवली तरी तेवढंच सरकवायला हवं. स्वस्त दुर्बीण इथे दगा देते. चार वर्षांच्या सेवेत त्या पोराला हे शिकायला वेळ आधीच कमी मिळतो. त्यात सामान बेभरवशाचं दिलं, तर तो स्वतःवरचाच भरवसा गमावतो.

छोटे भाग, मोठी बदनामी

‘इन्सास’ रायफल पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेने तयार केली. १९९० च्या दशकात ती सैन्यात आली आणि १९९९ च्या कारगिलमध्ये उतरली. तिची कल्पना वाईट नव्हती, बॅरलही टाकाऊ नव्हतं. पण थंडीत तिचं प्लास्टिकचं मॅगझिन तडकत असल्याच्या तक्रारी आल्या, आणि नाव गेलं ते कायमचं. आजही फौजी माणसाला इन्सासबद्दल विचारा, दुसऱ्याच वाक्यात मॅगझिन निघतं.

मॅगझिन हा रायफलीतला सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक. अर्ध-स्वयंचलित रायफलीत मात्र सगळं त्याच्यावर टेकलेलं. स्प्रिंग ढिली झाली, कड वाकली, की पुढची गोळी वर येत नाही, आणि ती हातातली रायफल एका गोळीची होऊन बसते.

ट्रिगरचंही तसंच. सैन्याचा ट्रिगर मुद्दाम जड ठेवतात, पडलं-झडलं तरी गोळी सुटू नये म्हणून. नेमबाजाला तो हलका आणि न अडखळता सुटणारा हवा. दस्ता प्रत्येकाच्या खांद्याला, गालाला बेतता यायला हवा. सहा फुटी जाट आणि साडेपाच फुटी मराठा यांना एकच लांबी बसणार कशी? ही बाब किरकोळ वाटते, पण डोळा दुर्बिणीच्या मागे रोज त्याच जागी आला नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

तीन खरेद्या, तीन धडे

मग आपण भाग आधी पाहून रायफल घ्यायचा प्रयत्न केलाच नाही का? केला, पण वेगवेगळ्या टोकांना जाऊन.

पहिला प्रयत्न २०११ चा. सुमारे ६६ हजार रायफलींची निविदा. अट अशी की बॅरल बदललं की तीच रायफल दुसऱ्या मापाची झाली पाहिजे, ५.५६ ची ७.६२ बाय ३९. कागदावर देखणी कल्पना. प्रत्यक्षात दोन कामं करणाऱ्या शस्त्राचं वजन, किंमत, गुंतागुंत सगळं वाढलं. परदेशी कंपन्यांच्या चाचण्या झाल्या आणि २०१५ मध्ये निविदाच रद्द झाली. चार वर्षं गेली.

दुसरा प्रयत्न २०१८ चा, स्नायपर रायफलींचा. ५,७१९ रायफली आणि त्यांच्याबरोबर एक कोटीहून जास्त गोळ्या. इथे विचार योग्य होता: शस्त्र आणि गोळी एकत्र घ्या, आणि गोळीचं तंत्र भारतात आणा. पण तीही निविदा २०१९ मध्ये मागे घेतली गेली, आणि अडलेल्या मुद्द्यांत दारूगोळा ठळक होता. दरम्यान उत्तर कमांडने तातडीच्या अधिकारात इटलीच्या आणि अमेरिकेच्या थोड्या रायफली घेऊन वेळ निभावली.

तिसरी खरेदी ‘सिग ७१६’ची. जलदगती मार्गाने, तयार रायफल. रायफल वेळेवर आली, हे तिचं यश मान्यच करायला हवं. सीमेवर पोरं उभी असताना परिपूर्ण निविदेची वाट पाहत बसणं परवडत नाही. पण दुर्बीण आणि गोळी मागे पडली.

जुन्या माणसांना यात एक गंमत दिसेल. १९७१ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात होती ती एसएलआर. अर्ध-स्वयंचलित, आणि माप ७.६२ बाय ५१. म्हणजे नव्वदच्या दशकात जे माप सोडून आपण ५.५६ कडे गेलो, त्याच मापाकडे २०१९ मध्ये परत आलो. आज पायदळात ५.५६ ची इन्सास आहे, ७.६२ बाय ३९ ची एके आहे, ७.६२ बाय ५१ ची सिग आहे, ड्रॅगनोव्हची ७.६२ बाय ५४ आहे, साकोची ०.३३८ आहे. अमेठीजवळच्या कोरवा इथे सहा लाखांवर एके-२०३ बनवायचा २०२१ चा करार आहे, तो मुख्य रायफलीचा. प्रत्येक मापाची गोळी वेगळी, पेटी वेगळी, डोंगर चढणारं खेचर मात्र तेच.

बाहेर काय करतात?

ब्रिटिश सैन्याला अफगाणिस्तानात हाच पेच पडला. तालिबान लांबून मारा करायचे, ५.५६ ची गोळी तिथवर नीट पोचायची नाही. २००९-१० मध्ये त्यांनी तातडीने ४४० अर्ध-स्वयंचलित ७.६२ रायफली घेतल्या. संख्या थोडी, पण रायफलीबरोबर सहापट दाखवणारी दुर्बीणही. म्हणजे घाईतही जोडी तुटू दिली नाही.

अमेरिकेने २०२२ मध्ये नव्या पिढीचं शस्त्र ठरवलं तेव्हा रायफल, ६.८ मिलिमीटरची गोळी आणि अंतर मोजून नेम सुचवणारी दुर्बीण हे एकाच कार्यक्रमाचे भाग होते. दुर्बीण जानेवारीत ठरली, रायफल एप्रिलमध्ये. कंपन्या वेगळ्या, वेळापत्रक एक. त्या रायफलीवर टीकाही भरपूर झाली: वजन जास्त, मॅगझिनमध्ये वीसच गोळ्या. पण काय मिळवण्यासाठी काय सोडलं, हे टीकाकारालाही माहीत आणि सैन्यालाही माहीत.

आपल्याच अंगणातले कारखाने

एक नकाशा डोळ्यासमोर आणा. ‘उग्रम’ ही ७.६२ बाय ५१ ची देशी रायफल जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात एआरडीईने दाखवली. चार किलोच्या आत, वीस गोळ्यांचं मॅगझिन, पाचशे मीटरचा पल्ला. शंभर दिवसांच्या आत ती उभी करणारी भागीदार कंपनी हैदराबादची. ग्वाल्हेरजवळ मालनपूरला अदानी आणि इस्रायली कंपनीच्या भागीदारीतला कारखाना आहे, ‘गलील’ ही अर्ध-स्वयंचलित स्नायपर त्यांच्या यादीत आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सव्वाचार लाख कार्बाइनींचा २,७७० कोटींचा करार झाला, त्यात हीच मालनपूरची कंपनी आणि पुण्याची भारत फोर्ज. ड्रॅगनोव्हला नवा सांगाडा चढवायचं काम बंगळुरूच्या कंपनीने करून दाखवलंय. इंदूरजवळच्या महूला इन्फंट्री स्कूल आहे आणि सैन्याचं नेमबाजी पथकही. गोळी खडकी-वरणगावची.

म्हणजे आराखडा पुण्यात, यंत्रकाम हैदराबाद-ग्वाल्हेरला, गोळी खानदेशात, पारखणारे डोळे महूत आणि चालवणारे हात बेळगावात. राज्यांच्या सीमा ओलांडून पसरलेल्या आपल्या मराठी माणसाच्या नकाशावर हे सगळं बसतं. कमी आहे ती एकत्र बसून जुळणी करणाऱ्याची.

मग मागायचं काय?

ड्रॅगनोव्हची जागा घेणारी नवी अर्ध-स्वयंचलित रायफल आज ना उद्या घ्यावीच लागेल. त्या वेळी आपल्या खासदारांनी, माजी सैनिक संघटनांनी विचारायचे प्रश्न साधे आहेत.

पहिला, गोळी कोणती आणि ती कुठे बनणार? आधी नेमबाजाची गोळी ठरवा, देशातल्या एका तरी कारखान्यात तिची वेगळी, छोटी पण कायमची ओळ सुरू करा, आणि मग त्या गोळीला जुळणारं बॅरल मागवा. २०१८ ची निविदा नेमकी इथेच अडखळली होती. गोळीची तयारी घरात नसताना एकत्र खरेदी मागितली की ती फसते.

दुसरा, दिवसाची आणि रात्रीची दुर्बीण त्याच करारात आहे का? नसेल तर तिची तारीख कुठली? ‘नंतर बघू’ म्हणजे साडेसहा वर्षं, हे आता कळलंय.

तिसरा, चाचणी कुणी आणि कुठे केली? पोखरणच्या उन्हात, द्रासच्या थंडीत, ईशान्येच्या पावसात, आणि तीही त्याच गोळीने, त्याच दुर्बिणीने, त्याच मॅगझिनने, जे जवानाच्या हातात पडणार आहे. कंपनीने बरोबर आणलेल्या खास गोळ्यांवर दिलेलं प्रमाणपत्र कामाचं नाही.

चौथा, अचूकतेचं काय देऊन काय घेतलं? वजन कमी केलं की पल्ला? टिकाऊपणा घेतला की नेम? हे लेखी असू द्या. सोव्हिएत लोकांनी १९ टक्के दिले तेव्हा त्यांना ठाऊक होतं की ते काय देताहेत.

पाचवा, सुटे भाग. स्प्रिंग, मॅगझिन, दुर्बिणीची बैठक, ट्रिगरचा संच हे दहा वर्षं मिळत राहतील का, आणि युनिटच्या शस्त्रागारातला आर्मरर ते स्वतः बदलू शकेल का? की एका स्क्रूसाठी परदेशात चिठ्ठी पाठवायची?

यातला एकही प्रश्न गुपिताचा भंग करत नाही. संख्या विचारू नका, ठिकाण विचारू नका. पद्धत विचारा. आमदार-खासदार रस्त्याच्या कामात खडी कोणत्या मापाची हे विचारतात, तर रायफलीत गोळी कोणत्या प्रतीची हे विचारायला काय हरकत आहे?

मराठा केंद्रातून कसम परेड करून निघणाऱ्या प्रत्येक तुकडीतला एखादा पोरगा पुढे आपल्या पलटणीचा नेमबाज होणार आहे. त्याला सहाशे मीटरवर एकच संधी मिळेल. त्या एका गोळीच्या मागे बॅरल, बारूद, काच, स्प्रिंग असे सगळे भाग एकाच वेळी पोचलेले असावेत, इतकंच मागणं आहे.